फुलपाखरांच्या अळ्यांमध्ये रमलेल्या मुलीसाठी मार्गदर्शक हवा आहे

नमस्कार. आम्ही कराडला राहतो. माझी मुलगी सहावीत, मराठी माध्यमात शिकते. परसातल्या कढीपत्त्यावरच्या फुलपाखरांच्या अळ्या ती बरणीत रोज ताजा पाला घालून वाढवते आणि वहीत तारीखवार नोंदी ठेवते. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवीगार का होते, काही कोष हिरवे तर काही तपकिरी का, असे तिचे प्रश्न असतात. मध्यंतरी एका कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीचे बारीक कीटक बाहेर आले, तेव्हापासून तर तिला दुसरे काही सुचेनासे झाले आहे.

इंटरनेटवरून उत्तरे शोधून देणे मला जमते; पण आयते उत्तर मिळाले की तिचे निरीक्षण तिथेच थांबते. म्हणून उत्तर सांगण्याऐवजी पुढचा प्रश्न विचारणारे, ‘कोष करण्याआधी अळीला वेगळ्या रंगाची काडी देऊन पाहा आणि काय होते ते कळव’ असे सुचवणारे कोणीतरी हवे आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, परंतु तिथे नियमित जाणे आम्हाला शक्य नाही. (स्पर्धा परीक्षांचे वर्ग कृपया सुचवू नयेत, ते गल्लोगल्ली आहेत.)

कीटकशास्त्राचे विद्यार्थी किंवा निवृत्त प्राध्यापक यांपैकी कोणी महिन्यातून एखादा तास फोनवर मराठीतून बोलू शकतील का? मी सोबत असेनच. ज्यांनी आपल्या मुलांसाठी अशी सोय केली आहे, त्यांनी मार्गदर्शक कसा शोधला आणि मानधनाचे काय ठरवले, हेही कृपया सांगावे.