पीएचसीत रिसर्च म्हणजे चैन आहे का?

फुरसंवाला_एमओ:
नमस्कार मंडळी, दक्षिण कोकणात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. भातकापणीला फुरशाच्या केसेस वाढतात, म्हणून म्हटलं ओपीडी रजिस्टरात नुसतं 'स्नेक बाइट' लिहिण्यापेक्षा वेगळी वही घालावी. चावल्यावर किती वेळाने आला, आधी मांत्रिकाकडे गेलेला का, काचेच्या नळीत २० मिनिटांत रक्त गोठलं का, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या, किती व्हायल (बाटल्या) लागल्या, पुढे काय झालं. वरिष्ठ म्हणतात आधी रिपोर्टिंग सांभाळा, रिसर्च मेडिकल कॉलेजवाल्यांचं काम. स्टाफ खरंच कमी आहे, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणवत नाही. काय करू?

सावित्रीकाठ:
डॉक्टर, वही घालाच! हिंमतराव बावस्कर सर बिरवाडीच्या पीएचसीला होते तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यादेखत जायची आणि पुस्तकात धड इलाज नव्हता. त्यांनी पेशंटजवळ बसून बीपी, नाडी, घाम, उलट्या सगळं टिपलं, तेव्हा उलगडलं की हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतंय. १९८२ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये लक्षणांवर पेपर आला आणि १९८६ ला प्राझोसिनवर, म्हणजे बीपीची साधी स्वस्त गोळी. त्यानंतर मृत्यूचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आलं. मेडिकल कॉलेजात हे कोणाला दिसणार होतं, पोर तिथवर पोचायचंच नाही ना.

परदेशी_सिस्टर:
मी इंग्लंडला एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नर्स आहे. कोविडवर कुठलं औषध चालतं हे तपासणारी रिकव्हरी ट्रायल वॉर्डातल्या रोजच्या कामातच बसवलेली, माहितीचा फॉर्म मुद्दाम छोटा ठेवलेला. मार्च २०२० ला सुरू झाली आणि १६ जूनला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल, व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा अ‍ॅडमिट पेशंटला उपयोग नाही हेही त्यातच कळलं, नको ते औषध बंद होणं हा केवढा मोठा फायदा आहे. सरकारी यंत्रणा एकच म्हणून देशभरच्या हॉस्पिटलांत एकच पद्धत लावता आली. पण इथे या कामाला वेगळ्या रिसर्च नर्स असतात हो, तुमच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणं मला पटत नाही. निदान अर्धवेळ माणूस मागा.

पीएसएम_किरण:
वरच्यांशी सहमत, पण पेपर करायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी, नंतर नाही. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक आरोग्य) डिपार्टमेंटला गाठा, आमच्याकडे पीजी थिसिसला विषय शोधत असतात. वहीत नाव न लिहिता केस नंबर लिहा. आणि एक कॉलम वाढवा, साप ओळखला कशावरून: मारून आणला, फोटो, की नुसतं वर्णन. आपली एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच. तुमच्या भागात हंप-नोज्ड पिट व्हायपर हा विषारी साप पण आहे, त्यावर ती चालत नाही, आणि फुरसं समजून व्हायलवर व्हायल जातात. असं कितीदा होतं हे कॉलेजात बसून नाही कळत, तुमच्याच वहीतून कळेल.

फुरसंवाला_एमओ:
हा कॉलम डोक्यातच नव्हता, थँक्यू किरण. लोक साप पिशवीत घालून आणतात आणि आम्ही बघून टाकून देतो, आजपासून शेजारी पट्टी ठेवून फोटो. सिस्टर, अर्धवेळ माणसाचं पत्र टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) टाकतो, वहीचा नमुना सोबत जोडून. पीएसएमला आधी फोन करू की थेट जाऊन भेटू?

पीएसएम_किरण:
थेट या, वहीची पहिली दोन-चार पानं भरून आणा.