वॉर्डचा अनुभव कमी असताना ऑस्कीची तयारी

वॉर्डमध्ये फारसं काम करायला मिळालं नाही, मग यूकेच्या एनएमसीची (तिथली नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, कशी जमणार, असं इथे एका ताईंनी विचारलंय. बहुतेकांनी व्हिडिओ बघायला सांगितलंय. बघा जरूर, पण बघून हाताला वळण लागत नाही.

परीक्षेत एकूण 10 स्टेशनं, म्हणजे वेगवेगळे टप्पे, असतात. त्यातल्या 4 क्लिनिकल स्किल्सची (हाताने करून दाखवायच्या कामांची) धास्ती सगळ्यांना असते, पण माझ्या मते अनुभवाची उणीव जास्त जाणवते ती असेसमेंटला, म्हणजे पेशंटची विचारपूस आणि तपासणी करण्याच्या स्टेशनला, कारण तिथे पेशंटशी बोलावं लागतं. घरातल्या कुणालाही खाटेवर झोपवा. स्वतःची ओळख सांगा, नाव, जन्मतारीख, अ‍ॅलर्जी विचारा, संमती घ्या, आणि जे कराल ते मोठ्याने बोलत करा. आपल्याकडे गप्प राहून भराभर काम उरकायची सवय असते. तिथे न बोललेलं परीक्षकाला कळणार कसं?

श्वास पूर्ण 1 मिनिट मोजा, 15 सेकंदांना 4 ने गुणू नका. न्यूज-2 चार्ट (श्वास, नाडी, रक्तदाब वगैरेंना गुण देऊन पेशंट किती गंभीर आहे ते दाखवणारा तक्ता) रोज वेगळे आकडे घेऊन भरा. गुणांची बेरीज 5 किंवा 6 आली तर तातडीने कळवायचं, 7 किंवा जास्त आली तर इमर्जन्सी. एखाद्याच निकषात 3 आले तरी दुर्लक्ष करायचं नाही, हे अनेकांकडून सुटतं. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देणं) मात्र मॅनिकिनवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच, शिका: 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 चा वेग. छाती 5-6 सेंटिमीटर खोल दाबायची असते, गादीवर त्याचा अंदाज येत नाही.

ताई, पेशंट व्हायला कुणी नसेल तर कळवा. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी पेशंट होते.