मदत हवी आहे: रेसमधून निवृत्त घोडा, सॅडल (खोगीर) पुढून विदर्सवर टेकतेय

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, पुण्यातल्या एका क्लबात तीन वर्षं रायडिंग शिकतेय. मार्चपासून एक घोडा आम्ही अर्ध्या खर्चावर घेतलाय, आठवड्यातले तीन दिवस तो तिचा. थरोब्रेड जातीचा, अकरा वर्षांचा, रेसमधून निवृत्त. स्वभावाने इतका गरीब की ब्रायडल, म्हणजे लगामाचा साज, चढवायला गेलं की आपणहून मान खाली घालतो.

गेला दीड महिना मात्र तंग, म्हणजे सॅडलचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागे पाडतो आणि वळून दात दाखवतो. आधी तंगच टोचत असेल म्हणून तो बदलला, फरक पडला नाही. माझे आजोबा टांगा चालवायचे. घोडा सोडला की पाणी दाखवायच्याही आधी, साज जिथे जिथे टेकतो तिथे ते तळहात फिरवायचे. रविवारी सॅडल उतरवल्यावर मीही तसाच हात फिरवला. मान संपून पाठ सुरू होते तिथलं उंच हाड, म्हणजे विदर्स, त्याच्या अगदी माथ्यावर रुपयाएवढी जागा गरम लागली. केस झिजलेले, आणि त्यांत दहा-बारा पांढरे. बाकी घोडा पूर्ण तपकिरी आहे. सतत दाब पडून केसांच्या मुळांना इजा झाली की तिथे पांढरे केस उगवतात, म्हणजे हे दुखणं आजचं नाही. तेव्हापासून स्वारी बंद ठेवलीय, नुसता हातात धरून फिरवतो.

सॅडल जनरल पर्पज, चामड्याची, साडेसोळा इंची, ओळखीतून जुनी घेतलेली. रिकामी ठेवली तर पॉमेलखाली, म्हणजे सॅडलच्या पुढच्या उंचवट्याखाली, तीन बोटं जातात. मुलगी बसली की जेमतेम एक, आणि ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीत, तेही नाही. बाजूने पाहिलं तर सीट पुढे कललेली दिसते. मुलगी कधीची सांगत होती, "आई, मी सारखी त्याच्या मानेवर घसरते." मी तिलाच पाठ ताठ ठेव म्हणत होते, याचं फार वाईट वाटतंय. आतला सांगाडा, म्हणजे ट्री, मोडलेला वाटत नाही. मांडीला टेकवून दोन्ही टोकांनी दाबून पाहिला, करकरत नाही की वाकत नाही. पशुवैद्यांनी पाठ, पाय, दात पाहिले. विदर्सवरची जागा सोडली तर दुखणं नाही.

क्लबात दोन सल्ले मिळाले. एक, खाली जाड नमदा, म्हणजे सॅडलखालची घडी, घाला. दुसरा, पॅनेलमध्ये, म्हणजे सॅडलच्या खालच्या गाद्यांमध्ये, लोकर भरून घ्या. आपण 'खोगीरभरती' हा शब्द बिनकामाच्या गोष्टींना वापरतो, पण इथे तर त्या भरतीवरच घोड्याची पाठ अवलंबून आहे, म्हणून घाई करायची नाहीये. ट्रीच रुंद असेल तर लोकर भरून उपयोग होईल का? आणि पुण्या-मुंबईत हे काम नीट करणारा कारागीर कुणाला माहीत आहे का?

आणखी एक. स्टिरपचा, म्हणजे रिकिबीचा, पट्टा सॅडलच्या ज्या लोखंडी बारवर अडकतो, त्याच्या टोकाला छोटी खिटी आहे. पट्टा निसटू नये म्हणून ती वर उचलून बंद ठेवा असं एकांनी सांगितलं. मला त्याची भीती वाटते.

प्रतिसाद

खिटीचं आधी सांगतो. ती कायम उघडी ठेवा. मुलगी पडली आणि पाय रिकिबीत अडकला तर पट्टा मागे सरकून निसटलाच पाहिजे, नाहीतर घोडा तिला फरफटत नेईल. रिकीबही बुटापेक्षा साधारण इंचभर रुंद हवी.

आता सॅडल. लक्षणं रुंद ट्रीची वाटतात. रेस सोडलेल्या बऱ्याच घोड्यांचे खांद्यामागचे स्नायू बसतात, तिथे खळगे पडतात आणि सॅडल त्यांत खाली जाते. लोकर दबली असेल तर भरून थोडी उचल मिळते, पण रुंद ट्री भरतीने अरुंद होत नाही. तात्पुरता पुढून उचलणारा पॅड चालेल, तोही जखम पूर्ण बरी झाल्यावर.

घरी एवढं करा. चित्रकलेच्या दुकानात वाकवता येणारी रबरी पट्टी मिळते. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करा. खांद्याच्या फऱ्यामागे दोन बोटं सोडून पट्टी विदर्सवरून आडवी दाबा, अलगद उचला आणि पुठ्ठ्यावर आकार उतरवून कापा. तो पुठ्ठा सॅडलच्या पुढच्या कमानीत धरला की फट कुठे आहे ते डोळ्यांना दिसेल. मागची बाजूही बघा, सॅडल शेवटच्या म्हणजे अठराव्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. फोटो टाका, बाजूचा आणि मागचा, नमदा न घालता.

धागा काढणारी

खूप आभार. खिटी आजच उघडली. पुठ्ठाही कापला. कमानीत धरल्यावर दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढी फट राहते, म्हणजे ट्री रुंदच आहे. ही सॅडल आता त्याच्या पाठीवर जाणार नाही.

कमानीची आतली पट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येते अशा विंटेकच्या सिंथेटिक सॅडल असतात, त्यांतली सोळा किंवा साडेसोळा इंची कुणाकडे वापरलेली असेल तर कळवा. आणि कानपूरहून परदेशी सॅडल जातात, तिथल्या सॅडलरीला जीआय (भौगोलिक) मानांकनही आहे. तिथला कुणी कारागीर अशा पुठ्ठ्याच्या मापावरून एकच सॅडल करून देतो का? कुणी करून घेतली असेल तर माप कसं पाठवलं आणि किती दिवस लागले, तेवढं लिहा. फोटो उद्या सकाळी उजेडात काढून टाकते.