व्हान गोयेनची चित्रं एवढी तपकिरी का?

सायली_आम्स्टेलवेन
मंडळी, चित्रांमधलं कळणारं कुणी आहे का इथे? आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये यान व्हान गोयेन या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची १६२५ सालची दोन छोटी गोल चित्रं पाहिली, एक उन्हाळा आणि एक हिवाळा, जोडीच आहे, छान रंगीत, माणसंच माणसं, बर्फावर स्केटिंग वगैरे. पुढे त्याचंच १६४१ चं 'दोन ओक' बघितलं तर सगळं चहाच्या पाण्यासारखं! झाडं, टेकाड, खाली गप्पा मारणारी माणसं, सगळं एकाच रंगात. इथे नेदरलँड्समध्ये तर नोव्हेंबरातही कुरणं हिरवीगार असतात हो. वार्निश पिवळं पडलंय का मुद्दाम केलंय?

कुंचलेवाला
बरंचसं मुद्दाम. गोल चित्रं त्याच्या हार्लेमच्या गुरूच्या, एसायास व्हान डे वेल्डेच्या, वळणाची आहेत, म्हणजे ऋतू दाखवायचा तर त्या ऋतूत लोक काय करतात ते रंगवायचं. १६३० च्या आसपास व्हान गोयेन आणि सालोमोन व्हान राउसडाल वगैरे चित्रकारांनी रंग कमी करत आणले, क्षितिज खाली ओढलं आणि निम्म्याहून जास्त फळी (तेव्हा बरीच चित्रं लाकडाच्या फळीवरच काढायचे) आभाळाला देऊन टाकली. मग ऋतू माणसांतून निघून हवेत गेला, दमट, ढगाळ, पाऊस आत्ता येईल असा. मला विचाराल तर तिथला पोल्डर, म्हणजे पाणी काढून मिळवलेली सपाट जमीन, या तपकिरीतच जास्त खरा दिसतो, आधीची चित्रं गोड आहेत पण जत्रेसारखी.

नाना_डोंबिवली
कुंचलेवाले, पैशाचं पण सांगा की! पातळ थर, मातीचे स्वस्त रंग, झटपट काम, म्हणून तर बाराशेच्या आसपास चित्रं त्याच्या नावावर आहेत. आणि एवढं करून पठ्ठ्याने १६३७ च्या सुरुवातीला ट्युलिपच्या कंदांत पैसे घातले, फेब्रुवारीत भाव आपटला, आणि १६५६ ला गेला तेव्हाही डोक्यावर कर्ज होतंच. चित्रकार यान स्टीन त्याचा जावई, बिचारा.

रंगशाळा
दोघांचंही बरोबर, पण थोडा दोष काळाचाही आहे. तेव्हा आभाळाला स्माल्ट वापरायचे, म्हणजे कोबाल्ट घातलेल्या काचेची निळी पूड, खऱ्या अल्ट्रामरीन या महागड्या निळ्या रंगापेक्षा खूपच स्वस्त. तेलात मिसळलेला स्माल्ट वर्षानुवर्षांनी राखाडी पडत जातो. शिवाय पातळ रंग जुना झाला की आरपार दिसायला लागतो. सायली, पुढच्या वेळी आभाळाच्या भागात अगदी जवळून बघ, बऱ्याच चित्रांत खालच्या ओकच्या फळीच्या आडव्या रेषा दिसतात.

सायली_आम्स्टेलवेन
अरे वा, त्या रेषा मला ब्रशच्या वाटल्या होत्या! मग वार्निश साफ केलं की निळं परत येतं का?

रंगशाळा
पिवळेपणा जातो, गेलेला निळा नाही येत. तो रंगातूनच उडालेला असतो.