चित्रपटांच्या खेळण्यांची वेव्ह नोंदवताना कुठलं वर्ष धरायचं?

वर्तकनगर_शेल्फ (ठाणे)
मंडळी, साधारण १४० नग एक्सेलमध्ये चढवायचे आहेत. सगळे चित्रपटांवरचे: निम्म्या हॉट व्हील्सच्या गाड्या, मग हॅस्ब्रोच्या सहा इंची फिगर्स आणि केनर कंपनीच्या काही जुन्या स्टार वॉर्स फिगर्स, त्या मात्र लूज, म्हणजे पॅकिंगशिवाय. वेव्हच्या, म्हणजे एकत्र बाजारात आलेल्या तुकडीच्या, रकान्यात अडलोय. एकाच गाडीच्या बेसवर (तळाला) एक वर्ष, कार्डावर (पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर) दुसरं, आयातदाराच्या स्टिकरवर तिसरं. खरं कुठलं मानायचं? आणि नोंद क्रमांकातच वेव्ह घालावी का, म्हणजे क्रमाने लावायला सोपं जाईल?

ऐरोली_डायकास्ट
तिन्ही वर्षं खरी आहेत, फक्त ती तीन वेगळ्या गोष्टींची आहेत. बेसवरचं कॉपीराइटचं वर्ष कास्टिंगचं, म्हणजे साच्याचं. तोच साचा दहा-पंधरा वर्षं नव्या रंगात येत राहतो आणि बेसवरचं वर्ष तसंच राहतं. कार्डावरचं वर्ष पॅकिंगच्या छपाईचं. स्टिकरवरचं वर्ष आयातदाराने छापलेलं, ते कशाचं ते स्टिकरवरच लिहिलेलं असतं. तीन रकाने करा आणि एकाच्या जागी दुसरं कधीही भरू नका. नव्या माणसाच्या यादीतल्या चुका बहुतेक इथेच होतात.

वेव्ह ही नगाची नसते, खोक्याची असते. मेनलाइनच्या, म्हणजे हॉट व्हील्सच्या नेहमीच्या मालिकेच्या, एका केसमध्ये (खोक्यात) ७२ गाड्या असतात आणि केसला अक्षर असतं: ए, बी, सी असं पुढे, मधली आय आणि ओ ही अक्षरं वगळून. एका केसमध्ये नवी मॉडेल्स येतात, शिवाय आधीच्या केसमधली काही पुन्हा भरलेली असतात. म्हणून रकान्याचं नाव 'केस' न ठेवता 'पहिल्यांदा आली ती केस' असं ठेवा. वाशीच्या दुकानात एफ केसमधून घेतलेली गाडी ई केसमध्येच आली असण्याची शक्यता भरपूर.

कार्डावरच्या २५० पैकी अमुक या क्रमांकावर वेव्ह ठरवू नका. तो वर्षभराच्या यादीतला क्रमांक आहे, येण्याचा क्रम नव्हे. सुरुवातीच्या क्रमांकाची गाडी वर्षाच्या शेवटच्या केसमध्येही येते. शिवाय पुढच्या वर्षाची ए केस अमेरिकेत आदल्या वर्षाच्या अखेरीसच दुकानात लागते. 'मॉडेल वर्ष' आणि 'दुकानात दिसल्याचा महिना' वेगळे हवेत ते यासाठीच.

२००८ पासून बेसवर एक छोटा कोड असतो: एक अक्षर आणि दोन आकडे. अक्षर वर्षाचं, आकडे त्या वर्षातल्या आठवड्याचे. गाडी कधी बनली ते सांगणारी नगावरची खूण हीच. टॉर्च वरून मारला तर कोड दिसत नाही. बाजूने, बेसला जवळजवळ समांतर धरा, मग खोलगट अक्षरांची सावली पडते. सीलबंद ब्लिस्टरमध्ये (पारदर्शक आवरणात) अर्धाच दिसला तर अर्धाच लिहा आणि उरलेल्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा.

नौपाडा_सहाइंची
नोंद क्रमांकात वेव्ह अजिबात घालू नका. वेव्हची माहिती पुढे हमखास दुरुस्त होते, आणि मग क्रमांक बदलला की फोटोंची नावं, डब्यावरच्या चिठ्ठ्या, सगळंच बदलत बसावं लागतं. ०००१ पासून अर्थहीन क्रमांक द्या. वेव्ह रकान्यात राहू दे, लावायची तेव्हा त्या रकान्याने लावा.

हॅस्ब्रोच्या फिगर्सबद्दल. मार्व्हल लेजेंड्स या सहा इंची मालिकेत बिल्ड-अ-फिगर हा सगळ्यात भक्कम पुरावा. मोठ्या फिगरचे हात, पाय, धड वेगवेगळ्या पाकिटांत विभागलेले असतात आणि ते भाग एकाच वेव्हमधले. ही पद्धत टॉय बिझ या आधीच्या कंपनीने २००५ मध्ये गॅलॅक्टसच्या वेव्हपासून सुरू केली. पाकिटात कुठला भाग आहे ते नोंदवा, वेव्ह आपोआप ठरते. पण प्रत्येक फिगरबरोबर भाग असतोच असं नाही. तिथे उरतो खोक्याचा असॉर्टमेंट क्रमांक, म्हणजे त्या खोक्यातल्या सगळ्या फिगर्सचा मिळून एक. तो आणि फिगरचा स्वतःचा क्रमांक हे दोन वेगळे, एकाच रकान्यात कोंबू नका.

पाकिटावर किंवा फिगरवर बारीक पाच आकड्यांचा शिक्का सापडेल. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस. ८२१४ ने सुरू झाला तर २०१८ चा २१४वा दिवस, म्हणजे २ ऑगस्ट. दशक मात्र शिक्का सांगत नाही, ते पॅकिंगच्या डिझाइनवरून ठरवायचं.

एक्सेलची एक खोड: बारकोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं आणि लांब आकड्याचं ई-प्लस होऊन बसतं. अमेरिकन बारकोड १२ आकडी, पण काही स्कॅनर सुरुवातीला शून्य लावून तो १३ आकडी दाखवतात. दोन्ही एकच, म्हणून सगळे १३ आकडीच लिहा. महिना २०२४-०७ असा, वर्ष आधी.

सीवूड्स_७७
केनरसाठी वेगळा हिशेब. तिथे वेव्ह ओळखतात ती कार्डाच्या मागे किती फिगर्सची चित्रं आहेत त्यावरून. १९७८ च्या पहिल्या १२ फिगर्सचं कार्ड म्हणजे ट्वेल्व्ह-बॅक. मग २० आणि २१, दुसऱ्या चित्रपटाला ३१ ते ४८, तिसऱ्याला ६५, ७७, ७९, आणि १९८५ ला नाण्यासह आलेलं ९२. पहिल्या १२ मधल्या फिगर्स पुढच्या चित्रपटांच्या कार्डांवरही विकल्या गेल्या आणि पायावरचं १९७७ तसंच राहिलं.

तेव्हा कार्ड नसेल तर वेव्ह लिहूच नका, 'कार्ड अज्ञात' लिहा. लूज फिगरबद्दल ठामपणे लिहिता येतं ते एवढंच: पायामागचा कॉपीराइटचा मजकूर जसाच्या तसा, देशाचं नाव (हाँगकाँग, तैवान वगैरे) आणि साच्यातला किंवा कापडातला फरक. जावा या पात्राचा व्हिनाइलचा झगा आधीचा, कापडी नंतरचा. पण व्हिनाइलचे नकली झगे इतके फिरतात की पडताळणीशिवाय 'व्हिनाइल' एवढा शब्दसुद्धा लिहू नये.

चित्रपटाच्या तारखेवरून वेव्ह लावण्याचा मोह टाळा. पहिला स्टार वॉर्स मे १९७७ चा. फिगर्स वेळेत तयार नव्हत्या, म्हणून त्या नाताळात केनरने आगाऊ प्रमाणपत्राचा लिफाफा विकला, फिगर्स नंतर मिळायच्या. उलट २०१५ च्या स्टार वॉर्सचा माल ४ सप्टेंबरला दुकानात आणि चित्रपट डिसेंबरात.

वर्तकनगर_शेल्फ (ठाणे)
कळलं. आयातदाराच्या स्टिकरमधून नेमकं काय काय उचलायचं?

ऐरोली_डायकास्ट
आयातदाराचं नाव, महिना-वर्ष आणि एमआरपी. महिन्याच्या आधी कुठला शब्द आहे तोही उतरवा: उत्पादनाचा महिना, आयातीचा की पॅकिंगचा. न्हावा-शेवाला कंटेनर उतरून भिवंडीच्या गोदामातून माल दुकानात लागेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे हा महिना आणि बेसचा आठवडा जुळतीलच असं नाही. जुळवायचेही नाहीत. स्टिकर सोलून खालचा मजकूर वाचू नका, कार्डाचा थर निघून येतो.

आयएसआय चिन्हही बघा. खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्या चिन्हाचं पाकीट साधारण कधीचं ते ओळखायला एक टेकू मिळतो. आणि ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे नोंदणी भारतातली, खेळणं इथे बनलं असा त्याचा अर्थ नाही.

नौपाडा_सहाइंची
शेवटी 'पुरावा' असा एक रकाना जोडा, तीनच अक्षरांचा. अ म्हणजे बाहेरच्या खोक्याचं लेबल पाहिलं. ब म्हणजे नगावरचा कोड वाचला. क म्हणजे दुसऱ्याच्या यादीवरून घेतलं. जांभळी नाक्याच्या घाऊक दुकानात खोकं फोडण्याआधी लेबलचा फोटो मागितला तर सहसा देतात, त्यावर असॉर्टमेंट क्रमांक आणि नगसंख्या असते. खोकं एकदा रद्दीत गेलं की तो 'अ' परत मिळत नाही. बिलाचाही फोटो त्याच दिवशी काढा, थर्मल कागद पावसाळ्यात फार टिकत नाही.

वर्तकनगर_शेल्फ (ठाणे)
म्हणजे माझे केनर सगळे 'कार्ड अज्ञात', आणि गाड्यांपैकी निदान ४० 'क'. आधी बेस कोड वाचून त्यातल्या किती 'ब' होतात ते बघतो.