शब्दचर्चा: ‘कीड ग्रुप्स’ला (keyed groups) मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अ‍ॅन्सिबल हे अनेक सर्व्हरची कामं एकदम करणारं साधन शिकणाऱ्या नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. ‘इन्व्हेंटरी’ला, म्हणजे ज्या मशीनवर काम करायचं त्यांच्या नोंदीला, ‘यादी’ म्हटलं, ते जमलं. पण क्लाउडवरून बनणाऱ्या डायनॅमिक इन्व्हेंटरीत ‘ग्रुप्स’ही आहे आणि ‘कीड ग्रुप्स’ही. दोन्हींना ‘गट’ म्हटलं तर फरक कळत नाही. एकाला ‘वर्गीकरण’ म्हणू का?

उत्तर: ‘वर्गीकरण’ नका घेऊ. त्या शब्दाने प्रत्येक वस्तूला एकच खण मिळतो असं वाटतं. इथे मुंबई रीजनमधलं (क्लाउडच्या मुंबई विभागातलं), प्रॉडक्शनचं, वेब सर्व्हर चालवणारं मशीन एकाच वेळी तिन्ही गटांत असतं, शिवाय ‘ऑल’ या सगळ्यांच्या गटात असतंच. तेव्हा ‘गट’ हाच शब्द बरा.

फरकासाठी मराठीत शब्द अगदी तयार आहे: ‘निहाय’. ‘जिल्हानिहाय आकडेवारी द्या’ म्हणताना आपण जिल्ह्यांची नावं मोजून देत नाही. माहितीत जेवढे जिल्हे असतील तेवढे भाग आपोआप पडतात. कीड ग्रुप्सचं काम नेमकं हेच. एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउडच्या) प्लगिनला ‘की’ (key) म्हणून ‘टॅग्ज.रोल’ आणि प्रीफिक्स, म्हणजे नावाआधीचा शब्द, म्हणून ‘रोल’ द्या. ज्यांच्या रोल टॅगमध्ये, म्हणजे मशीनला लावलेल्या चिठ्ठीत, ‘वेब’ आहे ती मशीनं ‘रोल_वेब’मध्ये जातात, ‘डीबी’वाली ‘रोल_डीबी’मध्ये. उद्या कुणी ‘कॅश’ टॅग लावून मशीन उभं केलं, की ‘रोल_कॅश’ हा गट न सांगता तयार होतो. म्हणून टॅगनिहाय गट, रीजननिहाय गट.

नुसत्या ‘ग्रुप्स’मध्ये उलट आहे. गटाचं नाव आधी तुम्हीच ठरवता आणि पुढे जिंजा या टेम्प्लेट भाषेत अट लिहिता. अट खरी ठरली तर मशीन आत. त्याला सरळ ‘अटीचा गट’ म्हणा.

दुसरं मत: ‘निहाय’ पटलं, पण बोलताना ‘वार’ जास्त सोपं जातं. खातेवार, गाववार, तसं टॅगवार.

उत्तर: चालेल की, अर्थ तोच. मात्र संपूर्ण टिपणात एकच ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतील.

प्रश्न: आणि ‘डायनॅमिक’? ‘गतिमान यादी’ लिहिलंय.

उत्तर: ते बदला. यादी कुठे धावत नाही. हाताने लिहिलेल्या फाइलऐवजी ती क्लाउडला विचारून बनते, एवढाच मुद्दा आहे. ‘ताजी यादी’ सुचतं, पण कॅशिंग (आधीचं उत्तर साठवून वापरणं) चालू असेल तर ती ताजी असेलच असं नाही. मी ‘डायनॅमिक’ तसंच ठेवून पहिल्या ओळीत ‘क्लाउडला विचारून बनणारी यादी’ असं लिहीन.

शब्दांइतकीच एक गोष्ट टिपणात ठळक यायला हवी. टॅगमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. एकाने मोठ्या डब्ल्यूने ‘वेब’ लिहिलं, दुसऱ्याने लहान, की दोन गट झाले. टॅगच नसेल तर मशीन कुठल्याच टॅगनिहाय गटात जात नाही, आणि ‘स्ट्रिक्ट’ हा कडक तपासणीचा पर्याय मुळात बंद असल्यामुळे चूकही दाखवली जात नाही. प्लेबुक, म्हणजे करायच्या कामांची फाइल, त्या मशीनला वगळून बिनबोभाट पूर्ण होतं. सुरक्षेचं अपडेट असं एखाद्या सर्व्हरवर राहून गेलं तर फार महाग पडतं. म्हणून प्लेबुक चालवण्याआधी ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी’ला ‘ग्राफ’ पर्याय देऊन गटांचं झाड डोळ्यांखालून घालायला मुलांना पहिल्याच धड्यात शिकवा. त्यात रीजनच्या नावातल्या आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोअर दिसतील. गटाच्या नावात आडवी रेघ चालत नाही म्हणून तो बदल होतो. प्लेबुकमध्येही अंडरस्कोअरचंच नाव लिहायचं.