बुटावर थेट आदळलेला यॉर्कर ‘नॉट आउट’ : सरळ टाकणाऱ्या फास्ट बोलरला आपल्याकडे कुणी वाली आहे का?

मधला स्टंप

गेल्या रविवारी सांगलीत विश्रामबाग बाजूच्या एका मैदानावर आमची तीस ओव्हरची मॅच होती. लेदर बॉल, मॅटिंग. समोरच्यांना शेवटी वीसेक रन हवे होते आणि त्यांचा डावखुरा सेट झालेला. आमचा फास्ट बोलर उजव्या हाताचा, ओव्हर द विकेट, म्हणजे टाकणारा हात स्टंपच्या बाजूला ठेवून येणारा. त्यानं यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी जाणारा बॉल घातला, तो टप्पा न पडता थेट पुढच्या बुटाच्या टोकावर बसला. बॅट अजून वाटेतच होती. बूट क्रीजवर, मधल्या स्टंपसमोर. मी स्लिपला होतो. आमचा किपर तर विकेट धरूनच पळत सुटला. अंपायरनं मान हलवली.

ओव्हर संपल्यावर विचारलं तर दोन कारणं मिळाली. एक, ‘टप्पाच पडला नाही, उसळी किती घेतली असती कसं सांगू?’ दोन, ‘लेगच्या बाहेरून आला होता.’

दोन्ही कारणं नियमात बसत नाहीत. एलबीचा, म्हणजे पायचीतचा नियम ३६ वा. बॉल अडवला जाईपर्यंत ज्या मार्गानं आला त्याच मार्गानं पुढं गेला असता, असंच धरायचं. पुढं टप्पा पडला असता की नसता हे बघायचंच नाही. आणि लेगच्या, म्हणजे बॅट्समनच्या पायांकडच्या स्टंपच्या बाहेर टप्पा पडल्यावर नॉट आउट ही अट टप्पा पडलेल्या बॉललाच आहे. फुलटॉस, म्हणजे टप्पा न पडलेला बॉल पायावर बसला तर तो कुठून आला याला महत्त्व नाही. कुठं लागला आणि स्टंपवर जात होता का, एवढंच.

माझं म्हणणं एका बॉलपुरतं नाही. आपल्याकडं जो पोरगा जीव तोडून स्टंपात टाकतो त्याला बोल्डशिवाय काही मिळत नाही. ‘शंकेचा फायदा’ म्हणत अंपायर हात खिशातून काढत नाहीत. मग कॅप्टन सांगतो, ऑफच्या बाहेर टाक रे, एलबी मिळत नाही. आणि आम्हीच म्हणतो, सांगलीतनं फास्ट बोलर का तयार होत नाहीत.

कुपवाडचा ओपनर

दादा, तुमचं दुःख कळलं, पण जरा आमच्या बाजूनं बघा. बोलरला पुढचा बॉल असतो. आम्हाला नसतो. आठवडाभर एमआयडीसीत ड्यूटी करायची, रविवारी सकाळी लवकर उठून मैदान गाठायचं, आणि पहिल्याच ओव्हरला आत आलेला बॉल मांडीवर बसला की कुणीतरी बोट वर करणार. नंतर दिवसभर झाडाखाली बसून दुसऱ्यांचे पॅड बांधायचे. त्यात मॅटिंगवर बॉल कसा उडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. गुडघ्याच्या वर लागलेला बॉल स्टंपवरून जातो, निम्म्या वेळा.

शंका असली तर बॅट्समनला फायदा, हे मी शाळेपासून ऐकतोय. ते चुकीचं असेल तर आधी शाळांत सांगा.

आणि सरळ टाकणाऱ्याला विकेट पाहिजे असेल तर स्टंप उडव म्हणावं. आपल्याच सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ब्रॅडमनला दोनदा बोल्ड काढलं. सिडनीला १३ वर, ॲडलेडला २०१ वर. हजारे काही तुफान फास्ट नव्हते, मध्यमगती. अंपायरला विचारायची वेळच आली नाही.

हरिपूरकर

२०१ काढल्यावर बोल्ड केलं म्हणं! मर्दा, तवर आमच्या बोलरनं काय हळद वाळत घालायची का?

अंपायर कुणाचा हुता ते सांगा आधी. बॅटिंगवाल्या टीमचाच पोरगा कोट घालून हुबा असंल तर ही चर्चाच बंद करा. त्यो कशाला बोट वर करतोय, संध्याकाळी त्याच गाडीवरनं घरी जायाचं असतंय.

मधला स्टंप

हरिपूरकर, बरोबर ओळखलंत. त्यांचाच बारावा गडी होता. पण मुद्दा पोराच्या हेतूचा नाही. त्यानं खोटं केलं असं मी म्हणत नाही. त्याला वाटतं नॉट आउट देणं म्हणजे काहीच न करणं, म्हणून त्यात चूक होत नाही. नॉट आउट हाही निर्णयच आहे.

आणि ओपनरभाऊ, ‘बोलरला पुढचा बॉल असतो’ हे टेस्ट मॅचमध्ये ठीक. तीस ओव्हरच्या मॅचमध्ये आमच्या पोराला सहा ओव्हर. छत्तीस बॉल. त्यातले सगळे काही यॉर्कर पडत नाहीत. जो एक बरोबर पडला तोच काढून घेतला तर पुढचे घेऊन त्यानं काय करायचं?

पांढरा कोट

मी या भागात बरीच वर्षं अंपायरिंग केलंय, आता गुडघ्यांमुळे थांबलोय. त्या पोराच्या बाजूनं थोडं लिहितो.

टीव्हीवर जे अंपायर दिसतात त्यांना २०२० पासून पुढच्या पायाचा नो-बॉल बघावा लागत नाही, बहुतेक मोठ्या सामन्यांत तो तिसरा अंपायर बघतो. आपल्या मैदानावर दोन्ही कामं एकाच माणसाकडं. बोलरचा पाय रेषेवर पडतो तेव्हा डोळे खाली, लगेच वर उचलायचे. ताशी सव्वाशेचा बॉल हातातून सुटल्यापासून बॅट्समनपर्यंत जायला साधारण अर्धा सेकंद. त्यातला पहिला तुकडा मान उचलण्यात जातो. उरलेल्यात टप्पा, लागण्याची जागा, उंची आणि आधी बॅट की आधी पॅड एवढं सगळं बघायचं. वर स्लिपमधून सात जण ओरडत असतात.

तुमच्या बॉलबद्दल खरी अडचण तुम्ही सांगितलेलीच नाही. तो फुलटॉस होता हे कुणी ठरवलं? बुटाच्या टोकावरचा यॉर्कर आणि बुटाच्या इंचभर आधी मॅटला शिवून गेलेला यॉर्कर, बावीस यार्डांवरून कुणालाही सारखेच दिसतात. मॅटवर धूळ उडत नाही, खूण राहत नाही. टप्पा पडला असेल तर ‘लेगच्या बाहेर’चा नियम लागू. उजव्या हाताचा बोलर ओव्हर द विकेट टाकतो तेव्हा डावखुऱ्याला बॉल लेगकडूनच तिरका येतो. म्हणून अशा जोडीत एलबी देताना आम्ही दहादा विचार करायचो. इंग्लंडच्या ब्रॉडनं २०१९ च्या ॲशेस मालिकेत ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या वॉर्नरला सात वेळा काढलं ते राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं येऊन. तुमच्या बोलरनं बाजू बदलली असती तर अंपायरचंही काम सोपं झालं असतं.

राउंड द विकेट

कोटकाका, नमस्कार. मी मुलींच्या नेटमध्ये मीडियम पेस टाकते. स्मृती मंधाना सांगलीत वाढली, त्यामुळे आमच्याकडं दर तिसऱ्या मुलीला डावखुरी बॅटिंग करायची असते आणि या कोनाचा अभ्यास मला नाइलाजानं करावा लागलाय. तुमचा मुद्दा मी कागदावर रेघ मारून बघितला.

समजा टप्पा पडला, बुटाच्या इंचभर आधी. बूट मधल्या स्टंपसमोर आहे. मग टप्पा कुठं असेल? मधल्या स्टंपसमोरच ना? एका इंचात बॉल तिरका सरकून सरकून किती सरकणार, मिलिमीटर-दीड मिलिमीटर. म्हणजे टप्पा पडला धरा किंवा नाही धरा, ‘लेगच्या बाहेर’ हे कारण उडतंच. लेगच्या बाहेर टप्पा पडून बॉल मधल्या स्टंपसमोर यायचा तर टप्पा बराच अलीकडं हवा, आणि तो मग यॉर्कर राहत नाही.

पुढचंही बघितलं. बोलरचा हात मधल्या स्टंपच्या रेषेपासून साठेक सेंटीमीटर बाजूला धरला, बॉल सतरा मीटर प्रवास करून मधल्या स्टंपसमोर आला, तर उरलेल्या चार फुटांत तो आणखी साधारण चार सेंटीमीटर सरकेल. तिन्ही स्टंप मिळून रुंदी नऊ इंच, म्हणजे जवळजवळ तेवीस सेंटीमीटर. मधल्यावरून चार सेंटीमीटर सरकला तरी स्टंपातच. स्विंग यात धरलेला नाही, पण बूट क्रीजवर असताना स्विंगला जागा तरी किती उरते?

बाजू बदलायला हवी होती हे मान्य. पण बोलर चुकीच्या बाजूनं आला म्हणून आउट असलेला बॅट्समन नॉट आउट होत नाही.

कुपवाडचा ओपनर

ताई, गणित झकास. पण ते ‘बूट मधल्या स्टंपसमोर’ या एका वाक्यावर उभं आहे, आणि ते सांगणारा कोण, तर स्लिपमधला माणूस! स्लिपमधून बाजूचं काय दिसतं हो? तिरकंच दिसणार. मी स्वतः स्लिपला उभा राहून शेकडो अपील केलीत, सगळी मनापासून. त्यातली निम्मी तरी लेगच्या बाहेर होती हे चहा पिताना समजायचं.

रेषेत उभा असतो तो एकटा अंपायर.

जुना स्कोअरर

अपील करणाऱ्याची खात्री आणि खेळणाऱ्याची खात्री, दोन्ही कशी टोकाला जाते याचं उदाहरण द्यायलाच हवं. मेलबर्न, फेब्रुवारी १९८१, भारत-ऑस्ट्रेलिया टेस्ट. लिलीचा बॉल गावस्करच्या पॅडवर, अंपायर रेक्स व्हाइटहेड यांनी पायचीत दिलं. गावस्करचं म्हणणं बॅटला लागलाय. ७० वर खेळत होते. चिडून निघाले आणि जाताना समोरचा जोडीदार चेतन चौहानलाही सोबत घेऊन चालले. टीम मॅनेजर दुर्राणी यांनी चौहानला सीमारेषेवर अडवलं म्हणून मॅच वाचली. नंतर ऑस्ट्रेलियाला १४३ हवे होते, सगळे ८३ वर बाद. मांडीचा स्नायू दुखावलेल्या कपिलनं २८ रनात पाच काढले. खेळपट्टी खाली बसत होती आणि कपिल सरळ टाकत राहिला, दुसरं काही नाही.

म्हणजे चौहानही बाहेर पडले असते तर भारतानं ती मॅच सोडून दिली असती, आणि सरळ टाकणाऱ्याला टाकायलाच मिळालं नसतं. निर्णय चूक होता की बरोबर, त्यावर आजही आमच्या कट्ट्यावर भांडण होतं. मी लिहून ठेवतो: पायचीत गो. लिली. स्कोअररला मत नसतं.

दुसरं उदाहरण सगळ्यांना पाठ असेल. १९८३ च्या फायनलची शेवटची विकेट, वेस्ट इंडीजचा होल्डिंग पायचीत गो. अमरनाथ. बोट कुणाचं? इंग्लिश अंपायर डिकी बर्ड यांचं. एलबी द्यायला सगळ्यात कंजूष म्हणून ज्यांची ख्याती, त्यांचं!

हरिपूरकर

त्ये बर्ड सायब आमच्या मैदानावर असते तर होल्डिंग अजून बॅटिंग करत असता.

मधला स्टंप

स्कोअररकाका, बर्ड यांचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. कंजूष माणूससुद्धा वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये बोट वर करतो, कारण बॉल सरळ होता. आमच्याकडं कंजूषपणालाच निःपक्षपातीपणा म्हणतात.

ओपनरभाऊंच्या ‘शंकेचा फायदा’वर शेवटचं बोलतो. टीव्हीवर रिव्ह्यू घेतल्यावरचा ‘अंपायर्स कॉल’ बघा. बॉल स्टंपला जेमतेम शिवणारा असेल तर फायदा बॅट्समनला मिळत नाही, अंपायरनं जे दिलंय त्याला मिळतो. तोच बॉल, तोच पॅड. मैदानात आउट दिला असेल तर आउट, नसेल तर नाही. २०१६ मध्ये तर आयसीसीनं बोलरच्या बाजूनं स्टंपची हद्द वाढवली. आधी अर्धा बॉल बाहेरच्या स्टंपच्या मध्यापर्यंत यावा लागायचा, नंतर बाहेरच्या कडेपर्यंत आला तरी चालू लागलं. २०२१ मध्ये उंचीही वाढवली. नियमाचा कल त्याच्याही आधीपासून हाच आहे. १९३५ पर्यंत ऑफच्या बाहेर टप्पा पडला की एलबीच नव्हता. पॅड पुढं टाकून माणसं दिवस काढायची, म्हणून नियम बदलला. एवढं होऊन आपण मात्र अजून पॅड टाकणाऱ्याचीच काळजी करतोय.

पांढरा कोट

टीव्हीचा दाखला देताना एक विसरू नका, तिथं चूक सुधारायला कॅमेरे आहेत म्हणून अंपायर धाडस करतात. डीआरएस, म्हणजे कॅमेऱ्यावर निर्णय तपासायची सोय आल्यावर पुढं पाय टाकणाऱ्यालाही एलबी मिळायला लागले, कारण बॉल स्टंपला लागतोय हे चित्रात दिसलं. आमच्या काळात पाय पुढं गेला की विषय संपला. तुमचा बारावा गडी आमच्याच काळात उभा आहे, त्याच्याकडं कॅमेरा नाही.

ताईंचं गणित मात्र मी दोनदा वाचलं. ‘लेगच्या बाहेर’ हे कारण त्या बॉलला लागू नव्हतं, आणि उसळीचं तर नाहीच नाही. राहिला प्रश्न बॅटचा. डावखुरा यॉर्कर खणायला जातो तेव्हा बॅटचं टोक आणि बुटाचं टोक एकाच जागी येतात. आधी बॅट लागली असेल तर सगळं गणित पाण्यात. मी असतो तर आवाज ऐकला असता. लाकडाचा आवाज कोरडा येतो, बुटाचा बद्द येतो. आवाज काय आला होता?

मधला स्टंप

बद्द. पण आम्ही सगळे आधीच ओरडत होतो, हेही खरं.

कुपवाडचा ओपनर

झालं तर मग! आवाज ऐकू द्यायचा नाही आणि वर अंपायरला बहिरा म्हणायचं.

राउंड द विकेट

यावर निदान एक करता येईल. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज टेस्टला व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर असे आपले दोन अंपायर उभे होते. इम्रान खान यांचा तटस्थ अंपायरांसाठी आग्रह होता. पाकिस्तानात भारतीय अंपायर चालले, तर विश्रामबागच्या मॅचला मिरजेच्या टीमचे दोघं बोलवायला काय हरकत आहे? त्यांच्या मॅचला आपले दोघं जातील. जेवण देऊ, पेट्रोल देऊ.

हरिपूरकर

मिरजंचं नगं. मागच्या वर्षी त्यांनी आमच्या तिघांना एलबी दिलंय, तिन्ही लेगच्या बाहेर.

पांढरा कोट

येत्या रविवारी मी येतो. गुडघ्यावर पट्टा बांधून पहिल्या वीस ओव्हर उभा राहीन. अट एकच, किपरनं बॉल हातात आल्यावर तोंड उघडायचं, आधी नाही.

मधला स्टंप

किपरला सांगतो. ऐकेल याची खात्री नाही.